चूल निवेपर्यंत

गेल्या चैत्रातला एक गुरुवार, दुपार. हजर: मी, वनरक्षक प्रतिभा, जीपचे ड्रायव्हर अन्सारभाई, वनमजूर शेषराव. शिवाय कंदुरीला आलेलं दगडूबांचं घर, म्हाताऱ्या आईसकट. आणि वारा, पश्चिमेचा.

वारा हजेरीत धरायची सवय मला जंगलानं लावली. मी वनपाल आहे. कुठंही गेले की कोण कोण बरोबर आहे हे आधी मनात टिपून घेते, आणि परतताना तेवढीच माणसं आहेत ना, हे बघते. लग्नाच्या पंगतीतही बघते. मुलगी म्हणते, "आई, आपण जेवायला आलोय, गस्तीला नाही." हसू दे तिला. परतताना एकदा ज्याला माणूस कमी भरलं आहे, त्याची ही सवय सुटत नाही.

परवा सकाळी शहरात आमच्या गारखेड्याच्या गल्लीत झाडणाऱ्या बायकांनी कडुनिंबाचा पाचोळा कोपऱ्यात ओढला आणि काडी लावली. दरवर्षी लावतात. माघ सरत आला की निंब पानं टाकतो, आणि पाचोळा उचलून नेण्यापेक्षा जाळणं सोपं असतं. मी गॅसवर पोहे परतत होते. वास आला आणि हात थांबला. पुढचं मला नीट आठवत नाही. बादली घेऊन मी फाटकाबाहेर होते, अनवाणी, आणि पाचोळ्यावर पाणी ओतलेलं होतं.

"अहो, कचराच होता तो," शेजारच्या देशमुखकाकू गच्चीवरून म्हणाल्या. "तुमच्या जंगलात नाही लागली आग."

झाडणारी बाई वैतागली होती. "ताई, कामून इझवलं? आता वलं झालं ना समदं. उद्या पुन्हा मलाच गोळा करायचंय."

तिचं बरोबर होतं. मी आतून खराटा आणला आणि ओला पाचोळा तिच्याबरोबर पोत्यात भरला. सगळं नीटनेटकं झालं, गल्ली धुतल्यासारखी दिसायला लागली, तरी मी त्या जागेवर आणखी एक बादली ओतली. आत आले तेव्हा पोहे बुडाला लागले होते, आणि घरात तोही करपल्याचाच वास होता.

शहरात या दिवसांना परीक्षेचे दिवस म्हणतात. पोरं गच्चीत पुस्तकं घेऊन फिरतात, उसाच्या रसाची गाडी नाक्यावर येते, कूलर उतरवून त्याचं गवत बदलतात. आमच्या खात्यात हा आगीचा हंगाम. माघात सुरू होतो, मृगापर्यंत चालतो. कन्नडच्या पुढं डोंगर सुरू होतात, तिथं एका अभयारण्यात माझी नेमणूक आहे. पावसाळ्यात लोक तिथं धबधबे बघायला येतात आणि मला म्हणतात, किती भाग्याची नोकरी तुमची. त्यांनी फाल्गुनात यावं. तेव्हा गवत कमरेएवढं असतं आणि पूर्ण वाळलेलं. कुसळं कपड्यांतून आत जातात, रात्री मोजे काढून एकेक उपसावं लागतं. सालईची झाडं उघडी पडतात. पाचोळा इतका कडक होतो की त्यावरून सरडा गेला तरी माणूस गेल्यासारखं वाटतं. दिवसभर वळून बघावं लागतं. बहुतेक वेळा कुणी नसतं.

पळसाचं तर मला काही सांगूच नका. लोक त्याचे फोटो काढतात. मला तो नजरेच्या कडेला दिसला तरी हात पाण्याच्या कॅनकडं जातो. दरवर्षी पहिल्यांदा फुललेला पळस मी आग म्हणूनच बघते, मग तो पळस होतो. इतकी वर्षं झाली, उलटं एकदाही झालेलं नाही.

भीतीवर माझा एकच इलाज आहे, तयारी. हंगामाआधी जाळरेषा काढून घ्यायच्या, म्हणजे गवताचा रुंद पट्टा कापून आपणच जाळून टाकायचा, पुढं खरी आग आली तर तिला तिथं खायला काही मिळू नये. पाण्याचे कॅन धुऊन भरायचे. पाचोळा उडवणारी ब्लोअर यंत्रं चालू करून बघायची. आणि गुलमंडीच्या बाजारात जाऊन सगळ्यांसाठी सुती पंचे आणायचे. नायलॉनचा रुमाल तोंडाला बांधून आगीजवळ गेलं तर तो वितळून गालाला चिकटतो. मी ते एकदा पाहिलं आहे. म्हणून पंचे मी स्वतः बघून घेते, टोकाचा दोरा काढून दुकानातच जाळून बघते. दुकानदार आता ओळखतो. "मॅडम, एवढे पंचे, कुणाचं लग्न काढलं का?" तो विचारतो. मी म्हणते, "हो, डोंगराचं." तो हसतो, मी पण हसते, आणि पिशवी घेऊन बाहेर पडताना माझ्या मनात येतं, यातला प्रत्येक पंचा कुणाच्या तरी नाकातोंडाशी असणार आहे.

गेल्या वर्षीचे पंचे निळ्या काठाचे होते.

आमच्या डोंगरात एक पीर आहे. चुन्यानं रंगवलेला ओटा, त्यावर हिरवी चादर, वर चिंचेची सावली. खालच्या गावांतली सगळ्या जातिधर्मांची माणसं तिथं नवस फेडायला येतात. बकरं कापायचं, तीन दगडांची चूल मांडायची, तिथंच शिजवायचं, तिथंच खाऊन संपवायचं, घरी काही न्यायचं नाही. ही कंदुरी. आमच्या त्या चारदोन गावांत आणखी एक रिवाज आहे. कंदुरीची चूल पाण्यानं विझवायची नाही. पाणी घातलं की नवस फिरला असं मानतात. चूल आपली आपण निवली पाहिजे.

आता भोवती कमरेएवढं वाळलं गवत, वर वारा, आणि मधे निखारे तसेच सोडून माणसं जेवून घरी जाणार. माझ्या आधी तिथं बंदीचा फलक लावला होता. फलक लागल्यावर लोक ओट्यापाशी यायचे थांबले आणि आडवाटेनं शिरून थेट गवतात चुली मांडायला लागले. ते जास्त वाईट होतं. मग आम्ही फलक काढला, ओट्याभोवतीची जागा खरवडून मोकळी केली आणि सांगितलं, चूल इथंच मांडा, पाणी घालू नका, आमचा माणूस ती निवेपर्यंत राखेल. तेव्हापासून कंदुरी असली की आमच्यापैकी एकजण जेवणं झाल्यावर चुलीपाशी बसतो. पांढरी राख हातानं उचलता आली की उठतो.

बहुतेक वेळा शेषराव बसायचे. पन्नाशीचे, डोंगराच्या पायथ्याच्या गावातले, अंगानं काटक, बोलणं कमी. त्यांच्या घरी बुद्धवंदना होते, नवससायास नाही. मी एकदा विचारलं होतं, तुम्हाला हे पटतं का. "आमच्यात नवस नसतोय मॅडम," ते म्हणाले. "पर चूल त् चूलच हाय. बकरं त्यायचं, नवस त्यायचा, राख आपली."

त्या गुरुवारी दगडूबांची कंदुरी होती. त्यांचा नातू लहान असताना लई आजारी होता, तो उठून पळायला लागला म्हणून. मुलगा तिथंच चिंचेखाली भावंडांना दगड मारत होता, म्हणजे नवस चांगलाच फळला होता. दगडूबांची आई गयाबाई निघताना शेषरावांपाशी गेली.

"शेषराव, पानी नको बरं घालू."

"नाय घालत मावशे. निवली का मंगच उठतो."

"तुझ्यावर इस्वास हाय. तुझ्या ह्या सायबिनीवर नाय. तिच्या हातात समदा टाइम कॅनच ऱ्हातो."

सगळे हसले. मीही. कॅन खरंच माझ्या हातात होता. टेम्पो धुरळा उडवत उतरणीला लागला. चुलीतून रश्श्याचा आणि जळक्या चरबीचा वास येत होता.

धूर प्रतिभानं पाहिला. पश्चिमेच्या कड्यावर, सरळ उभा, पांढरा. पांढरा म्हणजे गवत. क्षणभर आम्ही चौघंही नुसतं बघत राहिलो. हा क्षण दर वेळी असतो. डोळ्यांनी पाहिलेलं असतं, पण अंगानं मान्य केलेलं नसतं.

"जावा तुमी," शेषराव चिंचेला टेकून म्हणाले. त्यांच्याजवळ काठी होती, पंचा होता, पाण्याचा एक कॅन होता. "हितं काय, बसायचंच काम हाय."

आम्ही गेलो.

आगीबद्दल लोक ज्वाळांचं बोलतात. दिवसाउजेडी ज्वाळा नीट दिसतही नाहीत, उन्हात विरघळतात. दिसते ती हवा. समोरची झाडं पाण्यात बघितल्यासारखी हलायला लागतात. मग आवाज. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा, पण खालून वर येणारा. आग चढाला पळते, उताराला रेंगाळते. तिच्या पुढं कोतवाल पक्षी घिरट्या घालतात, पळणारे किडे टिपायला. त्यांच्यासाठी ती पंगत असते. एक ससा माझ्या दोन पायांमधून गेला. एक रोही, म्हणजे नीलगायीचा नर, थोडा पळाला, थांबला, पुन्हा आगीकडं तोंड करून उभा राहिला. मला त्याचं काय झालं ते कळलं नाही.

खालच्या वाडीतली माणसं हिरव्या फांद्या घेऊन आली होती. पंचे ओले करून बांधले, ब्लोअर चालू केले, जाळरेषेच्या अलीकडं रांग धरली. वाऱ्यानं एकदा तोंड फिरवलं तेव्हा सगळा धूर आमच्यावर आला आणि मला माझ्याच हातातली फांदी दिसेना. धुरात माणूस खोकतो तेव्हा प्रत्येकाचा खोकला वेगळा असतो. मी खोकल्यांवरून रांग ओळखत होते. अन्सारभाई. वाडीतला पोलिसपाटील. प्रतिभा. प्रतिभाचा खोकला मधेच थांबला आणि मी हाक मारायला पंचा खाली ओढला, तेवढ्यात ती माझ्या डाव्या हाताला येऊन उभी राहिली. भुवया जळाल्या होत्या तिच्या. तिला माहीतही नव्हतं.

"मॅडम, खाली या जरा," ती म्हणाली. "एक दाखवायचंय."

आग जिथून सुरू झाली त्या खालच्या कडेला तिनं मला नेलं. जळून काळी झालेली जमीन एका जागी जास्त काळी होती. थोडं पुढं तशीच दुसरी जागा. त्यापुढं तिसरी. एका ओळीत. वाकलं तर रॉकेलचा वास येत होता.

गुराखी आग लावतो ती नवा कोंब फुटावा म्हणून, आणि एकाच ठिकाणी लावून निघून जातो. शिकारी लावतो तेव्हा दुसऱ्या बाजूला जाळी बांधलेली असते, त्यात ससे, डुकरं हाकायची असतात. इथं जाळी नव्हती. इथं कुणाला गवतही नको होतं आणि जनावरही.

"मग कशाला?" प्रतिभा म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिचा चेहरा बदलला. माझाही बदलला असणार.

थोड्याच दिवसांपूर्वी आम्हाला पीराच्या मागच्या खोऱ्यातल्या चंदनाच्या खोडांवर बारीक भोकं सापडली होती. चोर आधी गिरमिटानं भोक पाडून बघतात, आत गाभा धरला आहे का. धरला असेल तर खूण करून जातात, आणि आपल्या सोयीनं परत येतात. आम्ही त्या खोऱ्यात फेऱ्या वाढवल्या होत्या. म्हणजे त्यांना आमची गैरसोय होत होती. आज कुणीतरी आम्हाला सगळ्यांना उचलून डोंगराच्या या टोकाला आणून उभं केलं होतं.

सगळ्यांना म्हणजे एक सोडून. त्या खोऱ्याच्या तोंडाशी चुलीपाशी एक माणूस बसला होता.

फोन लागला नाही. त्या भागात तो लागतच नाही.

आग अजून संपलेली नव्हती. मी तिच्याकडं बघितलं, वाडीच्या गवताच्या गंजींकडं बघितलं. प्रतिभानंच ठरवलं. "तुम्ही आणि अन्सारभाई निघा. माझ्याकडं माणसं आहेत. जाळरेषा धरते मी." मी तिला आगीत सोडून निघाले, दुसऱ्याला शोधायला. भीतीचे दोन तुकडे झाले की ती अर्धी होते असं वाटत असेल कुणाला, तर तसं होत नाही. दोन्ही बाजूंना पूर्ण राहते.

अन्सारभाई शहरातल्या शहागंजचे. गाडी चालवताना त्यांचं तोंड बंद नसतं. कुठल्या हॉटेलात नानखलिया बरा मिळतो, कुणाच्या लग्नात काय भांडण झालं, सगळं आम्हाला माहीत असतं. त्या वाटेवर ते एकदाच बोलले.

"मॅडम, शेषरावभाई समझदार आदमी है. कुछ सुना भी तो बैठेच रहेगा उनो."

"हो," मी म्हणाले.

आम्हाला दोघांनाही माहीत होतं की ते बसून राहणार नाहीत.

ओट्यापाशी कुणी नव्हतं. हिरवी चादर हलत होती. काठी नव्हती. कॅन आडवा पडला होता, रिकामा. मी चुलीवर हात धरला. दगड गरम होते आणि राख ओली होती. खालून बारीक वाफ निघत होती.

त्या ओल्या राखेकडं बघून मला जितकी भीती वाटली तितकी आगीसमोर वाटली नव्हती. या माणसानं आजवर एकाही कंदुरीच्या चुलीवर पाणी घातलं नव्हतं. आज घातलं, म्हणजे निवायची वाट बघण्याइतका वेळ त्यांच्याकडं नव्हता. आणि उठून जाताना मागं एक निखारा जिवंत ठेवायचा नाही, एवढंही त्यांनी बघितलं होतं. म्हणजे त्यांना कुणी ओढून नेलं नव्हतं. स्वतः गेले होते.

हाक मारावी की मारू नये, हे ठरेना. मारली तर चोरांना कळणार. नाही मारली तर शेषरावांना कळणार नाही की आम्ही आलोत. अन्सारभाईंनी जॅकचा दांडा काढला. आम्ही खोऱ्यात उतरायला लागलो आणि तो हंगाम आमच्या पायाखाली वाजायला लागला. एकेक पान. थांबलो की शांत, पाय उचलला की पुन्हा. वर कुठंतरी वानर खकारलं. ते बिबट्याला बघून खकारतं आणि माणसाला बघूनही.

मग वास आला. देवघरातला. सकाळी आंघोळ करून सहाणेवर चंदन उगाळावं, तो ओला, गार, पवित्र म्हणतात तो वास. वाळक्या डोंगरात, भर उन्हात, कुठूनही नाही तसा. ताज्या कापलेल्या गाभ्याशिवाय तो वास येत नाही. घरी आल्यावर काही दिवसांनी मी सहाण कपाटात ठेवून दिली. सासूबाईंनी विचारलं, तेव्हा म्हटलं, आता कुंकू पुरे. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

करवतीनं कापलेले बुंधे दिसले. मोजले नाहीत. पुढं ओढा होता, कोरडा. ओढ्याच्या काठावर धावड्याच्या झाडाला पाठ लावून शेषराव बसले होते. उजवा हात जिथं असायला हवा तिथं नव्हता, खांद्यापासून मागं वळलेला. कपाळावरून रक्त येऊन पापणीवर वाळलं होतं. एक डोळा मिटलेला. निळ्या काठाचा पंचा मांडीवर घडी करून ठेवलेला. तो घडी केलेला पंचा मला अजून समजलेला नाही. एका हातानं केला असणार.

उघड्या डोळ्यानं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"चूल इझवली मॅडम," ते म्हणाले. "मावशीला सांगू नका."

जीपमध्ये मागच्या बाकावर त्यांचं डोकं मी मांडीवर धरलं होतं. अन्सारभाई प्रत्येक खड्ड्याची माफी मागत होते. "बस, बस, शेषरावभाई, अब रोड लगाच समझो." घाट उतरताना शेषराव पुटपुटले. मी कान खाली नेला.

"त्यो मला मामा म्हनला."

"कोण?"

"मामा, तुमी हितं नका थांबू, म्हनला. जावा म्हनला. म्या त्वांडाकडं बघितलं. मंग मारलं."

"कोण होता शेषराव?"

त्यांनी डोळा मिटला. बेशुद्ध झाले असं मला वाटलं. आता वाटतं, झाले नव्हते.

आगीची भीती मला समजते. ती कुठं जाईल हे आधी सांगता येतं. चढाला, वाऱ्याबरोबर, गवत असेल तिकडं. तिला तुमचं नाव माहीत नसतं. आधी जपून मामा म्हणून हाक मारणारा, आणि मग त्याच मामाचा हात मोडणारा माणूस कुठं जाईल, हे कशावरून ओळखायचं? तो घरीच गेला असणार. हातपाय धुऊन जेवला असणार. शेषरावांना मारल्याची बातमी गावात आली तेव्हा चार लोकांत बसून अरेरे म्हणाला असणार.

शहरातल्या सरकारी दवाखान्यात प्रतिभा संध्याकाळी आली. तोंड काळं, भुवया नाहीत. जाळरेषेनं आग धरली होती, वाडी वाचली होती. ती दारात दिसली आणि मी मनात हजेरी घेतली. चौघंही होतो. तेव्हा कुठं मी बाकावर बसले.

दुसऱ्या दिवशी गयाबाई भाकरी आणि पातळ बेसन घेऊन आली. खाटेच्या कडेला बसली, शेषरावांच्या प्लास्टरवरून हात फिरवला, इकडचं तिकडचं बोलली. मग खाली बघत विचारलं, "चूल निवली व्हती का रं?"

शेषराव फरशीकडं बघत होते. "निवली व्हती की मावशे. निवल्यावरच उठलो."

"पोराची लई काळजी वाटत व्हती रातभर."

"काय नाय व्हत त्याला."

तिनं सुस्कारा सोडला आणि भाकरी मोडून त्यांच्या डाव्या हातात दिली. मी खिडकीकडं तोंड करून उभी राहिले.

दुपारी पोलीस जबाब घ्यायला आले. शेषरावांनी सगळं नीट सांगितलं. करवतीचा आवाज आला, गेलो, माणसं होती, झटापट झाली. ओळखलं का कुणाला? ते पुन्हा त्याच फरशीकडं बघायला लागले.

"नाय सायेब. त्वांडं बांधलेली व्हती."

ते लोक गेल्यावर मी विचारलं, "मग मामा कोण म्हणालं?"

"समदेच म्हनत्यात मॅडम. गावात म्हातारा झालो का समद्यांचाच मामा व्हतो मानूस." आणि हसले. हसताना कपाळाचे टाके ओढले गेले.

गयाबाईला उत्तर देताना आणि जबाब देताना त्यांचा चेहरा एकच होता. मी दोन्ही वेळा तिथं होते. मी त्यांना पुढं रेटलं नाही. मी संध्याकाळी गारखेड्याला येते, दाराला कडी लावते, वर कॅमेरा आहे. त्यांच्या घराचं दार पत्र्याचं आहे आणि ते त्या गावात आहे. गवताची गंज दाराशी असते. ती पेटवायला रॉकेलही लागत नाही.

प्रकरण अजून उघडं आहे. झाडं मधूनमधून जातात. महिन्या-दोन महिन्यांत एखाद्या सकाळी बुंधा सापडतो, भुसा सापडतो, वास येत राहतो. माणूस सापडत नाही.

कूलरचं गवत मी काल बदललं. पंचे आणले. यंदा हिरव्या काठाचे मिळाले. ब्लोअर बघून झाले, जाळरेषा जवळपास पूर्ण आहेत. गेल्या आठवड्यात शेषराव आले होते. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, चहाचा ग्लास डाव्या हातानं धरतात. मी त्यांना सांगितलं, यंदा रोपवाटिकेत राहा. सावली आहे, पाणी आहे, बसून काम आहे.

"मला पीराच्या खोऱ्यातच टाका," ते म्हणाले.

"कशाला? हात बघा तुमचा."

"मला काय करत नाय ते आता."

त्यांनी चहा संपवला, ग्लास विसळून उपडा ठेवला.

"दुसऱ्याला टाकलं, आन त्यानं त्वांड बघितलं, त् मंग?" ते म्हणाले. "मला त्वांड बघायचंच नाय मॅडम. मला ठावं हाय. म्हून म्हनतो, मीच बरा."

इतकं ते याआधी कधी बोलले नव्हते. मी विचारलं असतं तर त्या वेळी कदाचित नावही सांगितलं असतं. मी विचारलं नाही, कारण नाव कळलं की ते मला लिहावं लागलं असतं, आणि लिहिलं की ते गावात पोचलं असतं. ते गेल्यावर मी फाटकापर्यंत त्यांच्या मागं गेले. रस्ता ओलांडून ते एसटीच्या थांब्यावर उभे राहिले, डाव्या खांद्यावर पिशवी, प्रत्येक येणाऱ्या मोटरसायकलीकडं बघत.

त्यांना तिथं बसवलं तर ते सुरक्षित राहतील आणि चोरही. दुसऱ्या कुणाला बसवलं, तर तो खरंच राखण करेल. प्रतिभाला काल हे सगळं सांगितलं. तिच्या भुवया परत आल्या आहेत, पूर्वीपेक्षा दाट. ती म्हणाली, "मॅडम, माझं नाव टाका तिथं."

मी म्हणाले, "थांब जरा."

सगळ्या खोऱ्यांची, कड्यांची, पाणवठ्यांची वाटणी करून झाली आहे, प्रत्येक जागेपुढं माणूस आहे. साहेबांना ती उद्या सकाळी द्यायची आहे. वारा पश्चिमेकडून सुरू झाला आहे. पीराच्या खोऱ्यापुढं नाव लिहायचं अजून राहिलं आहे.